दुकान वाढवलं

तोडकरी ऑटो स्पेअर्स माहीत नाही असा मेकॅनिक एके काळी बार्शीत शोधून सापडला नसता. स्कूटरच्या जमान्यातलं दुकान. आप्पा तोडकरींनी घातलं, त्यांच्या लेकानं, उमाकांतनं, पुढं चालवलं. क्लचप्लेट म्हणा, पिस्टनच्या रिंगा म्हणा, कंपनीनं कधीच सोडून दिलेल्या मॉडेलचा कार्ब्युरेटर म्हणा, उमाकांत गिऱ्हाइकाशी गप्पा मारता मारता फळीवर हात घालायचा आणि नेमकं खोकं काढायचा. मग बॅटरीच्या गाड्या आल्या. त्यांना ना प्लग, ना रिंगा, ना कार्ब्युरेटर. आधी गिऱ्हाईक कमी झालं, मग मेकॅनिकच गाव सोडून गेले, आणि एके दिवशी उमाकांतनं दुकान वाढवलं.

वाढवलं म्हणजे बंद केलं. हे सांगायची खरं तर गरज पडू नये, पण हल्ली पडते. जुन्या व्यापाऱ्यांच्या घरात दुकान बंद होत नसतं. हातातली बांगडी फुटली तरी आपण ती 'वाढवली' म्हणतो, मंगळसूत्र तुटलं तरी 'वाढवलं' म्हणतो, तसंच हे. संध्याकाळी शटर ओढताना आप्पा नेहमी म्हणायचे, "चला, दुकान वाढवू या." अभद्र शब्द तोंडातून काढायचा नाही, एवढाच त्यातला अर्थ. फरक इतकाच, की रोज वाढवलेलं दुकान सकाळी उघडायचं आणि हे उघडलं नाही. शब्द मात्र तोच राहिला. रस्त्यात कुणी विचारलं, तर उमाकांत मान खाली घालून "वाढवलं" म्हणायचा आणि पुढं सटकायचा. घरात तर तो विषयच कुणी काढत नसे. त्याची बायको शैलजा तपासणीच्या लॅबमध्ये रक्ताचे नमुने घ्यायला जायची, घर तिच्यावर चाललं होतं. आप्पा पेपर वाचायचे. उमाकांत नोकरी शोधायचा.

आता, नोकरी शोधायचा म्हणजे काय करायचा, तर वाट बघायचा. कारण त्या दिवसांत शोधण्यासारखं काही उरलंच नव्हतं. आधी प्रत्येक जागेला लाखभर अर्ज यायचे आणि सगळेच्या सगळे उत्तम, कारण सगळे यंत्राकडून लिहून घेतलेले. ज्याला धड सही करता येत नाही त्याचा अर्जही प्राध्यापकानं लिहिल्यासारखा. मग कंपन्यांनी अर्ज वाचणंच सोडून दिलं आणि 'जुळवणी' आली.

जुळवणी हे सगळ्या कंपन्यांनी मिळून ठेवलेलं मुलाखतीचं यंत्र. माणसानं फोनवर तिच्याशी आपल्या भाषेत, मोकळेपणी बोलायचं. कुठं वाढलात, काय केलंत, कसं केलंत. शब्द, आवाजातले चढउतार, कुठं अडखळला, कुठं खुलला, हे सगळं ती टिपायची आणि त्यातून त्या माणसाचा एक ठसा बनवायची. तो ठसा सगळ्या कंपन्यांना दिसायचा. एकदा बोललं की वर्षभर पुन्हा बोलायची सोय नाही. जागा जुळली तर जुळवणीच फोन करणार. तिथं वशिला चालायचा नाही, हे खरं; पण धडपडही चालायची नाही, आणि माणसाला ते फार जड जातं. आवाज बाईचा असल्यामुळं लोक तिला नुसतं 'बाई' म्हणायचे. चहाच्या टपरीवर तेवढीच चर्चा. "बाईनं काय विचारलं रे?" "बाईनं घेतलं का तुला?"

उमाकांतची बाईशी मुलाखत झाली तेव्हा शैलजानं घरातला पंखासुद्धा बंद केला होता. आवाज स्वच्छ जायला हवा ना.

"दुकान किती वर्षं चालवलंत, उमाकांतराव?"

"कॉलेज सोडलं तेव्हापासून. आप्पांच्या हाताखाली शिकलो."

"आणि मग?"

"मग..." उमाकांतचा आवाज आपोआप खाली आला. "मग दुकान वाढवलं."

"का वाढवलंत?"

"बॅटरीच्या गाड्या आल्या ना."

"निर्णय एकट्याचा होता?"

"माझाच. आप्पांना विचारलं. ते म्हणाले, तुला योग्य वाटेल तसं कर."

"वाढवणं अवघड गेलं का?"

"अवघड तर जाणारच की, बाई. पण वेळेवर केलं म्हणून निभावलं."

"छान," बाई म्हणाली.

छान काय त्यात, असं उमाकांतला वाटून गेलं. पण यंत्रच ते, बोलायची पद्धत असेल, म्हणून त्यानं सोडून दिलं.

आठवड्याभरात फोन आला. भल्याभल्यांना वर्ष-वर्ष येत नव्हता, आणि उमाकांतला आठवड्यात! ऊर्जायन नावाची कंपनी होती. बॅटरी बदलून देणारी केंद्रं उघडायची. उतरलेली बॅटरी द्या, भरलेली घ्या, चला. सोलापूर, धाराशिव आणि लातूर या भागात नवी केंद्रं कुठं काढायची, कुणाला द्यायची, हे ठरवणारा माणूस त्यांना हवा होता. हुद्दा विस्तारप्रमुख. शैलजानं आधी देवापुढं पेढे ठेवले, मग लॅबमध्ये वाटले, मग घरी येऊन पदराआड थोडं रडूनही घेतलं. आप्पांनी पेढा तोंडात टाकला.

"विस्तार करायचा म्हणजे? तू?"

"हो आप्पा. त्यांना माझा अनुभव आवडला म्हणे."

"बरं," आप्पा म्हणाले आणि पुन्हा पेपरात शिरले. अनुभव कुठला, हे त्यांनी विचारलं नाही.

ते पुण्याच्या रेवती पाठारेंनी सांगितलं. त्या उमाकांतच्या वरिष्ठ. वयानं बऱ्याच लहान, पण बोलायला मोकळ्या. पहिल्याच बैठकीत पडद्यावरून सगळ्यांना त्याची ओळख करून देताना त्या कौतुकानं म्हणाल्या, "उमाकांतसरांची गंमत ऐका. बॅटरीच्या गाड्या आल्यावर सुट्या भागांची दुकानं धडाधड बसली. यांनी त्याच काळात व्यवसाय विस्तारला! संधी ओळखून, स्वतःच्या जबाबदारीवर. आणि जुळवणी म्हणते, याविषयी बोलताना यांचा आवाज खाली येतो. म्हणजे बढाई नाही. यशाचा गवगवा न करणारा माणूस."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. उमाकांतचे कान तापले. क्षणभर त्याला कळेना, की या मॅडम कुणाबद्दल बोलतायत. मग एकदम लख्ख उजेड पडला. तोंडातून मात्र निघालं, "थँक्यू मॅडम."

हे असं कसं झालं? यात यंत्राला मूर्ख म्हणून चालणार नाही. शब्दाचा अर्थ त्याला कुणी समजावून सांगत नाही. ते कोट्यवधी वाक्यं चाळतं आणि कुठला शब्द कुणाच्या संगतीत बसतो, ते बघतं. नव्या सुनेला जशी कोण कुणाजवळ बसतं यावरून घरातली नाती उमगतात, तसं. आता 'दुकान वाढवणं' हे लिहिलेल्या मराठीत कुठं येतं? बँकांच्या जाहिरातीत, उद्योजकांच्या मुलाखतीत, यशाची गुरुकिल्ली सांगणाऱ्या लेखांत. शेजारी शाखा असतात, नफा असतो, जिद्द असते. दुसरा अर्थ संध्याकाळी शटरपाशी बोलला गेला, पिढ्यान्‌पिढ्या बोलला गेला, पण तो लिहून ठेवायची कुणाला गरज वाटली नाही. जे लिहिलं गेलं नाही ते यंत्राला मिळालं नाही. बरं, आपल्या शंका ते आवाजावरून फेडून घेतं, तर आवाजानंही त्याला चकवलं. खाली गेलेला आवाज दुःखाचाही असतो आणि नम्रतेचाही. 'वाढवलं'च्या शेजारी दुःख बसत नाही, म्हणून यंत्रानं नम्रता धरली.

उमाकांतनं घरी येऊन शैलजाला सांगितलं. ती भाकरी थापत होती. आधी तिला कळलंच नाही, आणि कळल्यावर ती इतकी हसली, इतकी हसली की पीठ सगळीकडं उडालं.

"अगं, हसतेस काय? मी काय करू ते सांग."

"काय करायचंय? कामाला जा."

"हे खोटं आहे, शैलजा."

"तुम्ही खोटं बोललात का?" तिनं परातीतला हात थांबवला. "मी तिथंच उभी होते की. एक शब्द तुम्ही खोटा बोलला नाहीत. मराठीत बोललात. बाईला मराठी येत नाही, तो तुमचा गुन्हा?"

"तसं नाही..."

"तसंच आहे. वर्ष झालं, वर्षाच्या वर झालं, तुम्ही या घरात कोपऱ्यात ठेवलेल्या खुर्चीसारखे बसून होता. आता चार माणसं तुम्हाला सर म्हणतात. मला बघवत नव्हतं हो ते." तिचा आवाज फुटला आणि तिनं भाकरी जरा जोरातच तव्यावर टाकली. "त्या यंत्रानं किती जणांना चुकून नाकारलं असेल, कुणी त्याला जाब विचारतं? एकदा आपल्या बाजूनं चुकलं, तर काय आभाळ कोसळलं?"

तिचं म्हणणं काही वावगं नव्हतं. उमाकांतनं अंगावरचं पीठ झटकलं. तो कामाला जात राहिला.

आणि गंमत म्हणजे काम त्याला जमू लागलं. गावोगाव फिरायचं, गाड्या कुठं थांबतात बघायचं, लोकांशी बोलायचं. बोलण्यात तो कधीच कमी नव्हता. रेवतीमॅडम खूश होत्या. मधे दोन-तीनदा त्यानं त्यांना फोन लावलाही, पण प्रत्येक वेळी दुसरंच काहीतरी विचारून ठेवून दिला. मनात म्हणायचा, महिना भरू दे, काम दाखवू या, मग सांगू. माणूस स्वतःला किती वायदे देतो, त्याला काही मोजमाप नाही.

वैरागला नागनाथ गुळवे भेटेपर्यंत हे चाललं. गुळवेंचा लग्नाच्या मंडपाचा धंदा आणि रस्त्याकडेला मोक्याची जागा. केंद्रासाठी जागा देणाऱ्यानं भांडवलातही वाटा घालायचा, असा कंपनीचा नियम होता. उमाकांत गेला तर गुळवेंनी अंगणात सगळं सामान काढून ठेवलेलं. कनाती, गाद्या, झुंबरं, नवरा-नवरीच्या त्या दोन लाल खुर्च्या.

"हे काय, गुळवे?"

"विकायला काढलंय. बघायला येणार हैत दुपारी." गुळवेंनी मोबाइल पुढं केला. "तुमची माहिती आलती कंपनीकडनं. पडत्या काळात धंदा विस्तारलेला माणूस, असं लिवलंय. मी आमच्या मंडळींना म्हणलं, असा माणूस सांगतोय म्हटल्यावर भ्यायचं काय? सांगा साहेब, घालू ना सगळं? तुमच्याच भरवशावर हाय बघा."

उमाकांतला त्या लाल खुर्च्यांकडं बघवेना. केंद्र चालेल असं त्याला वाटत होतं, अगदी खरंच वाटत होतं. पण गुळवे त्याच्या अंदाजावर चालले नव्हते, न झालेल्या एका पराक्रमावर चालले होते.

"आज काही विकू नका," तो म्हणाला. "येणाऱ्यांना फोन करून थांबवा. मी रविवारनंतर तुम्हाला काय ते सांगतो."

रविवारी बाईचा फोन यायचा होता. पहिला महिना भरला की बाई पुन्हा बोलायची, चार प्रश्न विचारायची आणि नोकरी पक्की करायची. नुसता सोपस्कार. शैलजाला सुट्टी होती. स्वयंपाक करून ती दाराशी येऊन उभी राहिली. आप्पा नेहमीच्या जागी पेपर घेऊन बसलेले. फोन आला तसा उमाकांतनं तो स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला.

"उमाकांतराव, कंपनी तुमच्यावर समाधानी आहे," बाई म्हणाली. "थोडेच प्रश्न आहेत. दुकान वाढवलंत, त्यानंतर त्याच्या किती शाखा झाल्या?"

शैलजानं त्याच्याकडं बघून मान हलवली. नको, म्हणून. एक आकडा सांगायचा होता. एक म्हणाला असता तरी भागलं असतं.

"बाई, तुमचा एक शब्द चुकलाय," उमाकांत म्हणाला. "म्हणजे, शब्द बरोबर आहे, अर्थ चुकलाय. आमच्याकडं दुकान वाढवलं म्हणजे मोठं केलं असं नसतं. उलट असतं."

"उलट म्हणजे?"

"उलट म्हणजे उलट. शटर ओढलं. वाईट शब्द नको म्हणून तसं म्हणतात."

"हा अर्थ माझ्याकडे नाही," बाई म्हणाली. तिचा आवाज होता तसाच होता, राग ना लोभ. "थांबा, तपासते. हा अर्थ घेतला तर तुमची पुढची उत्तरंही नीट लागतात. पण मग आणखीही काही ठसे बदलतात. हेच शब्द वापरलेली दोनशेच्या वर माणसं आहेत. बरीचशी कामावर लागली आहेत. नवा अर्थ सगळ्यांना लावू का?"

उमाकांत गारठला. स्वतःच्या पानावर पाणी सोडायची तयारी करून तो बसला होता, पण ही दोनशे ताटं कुठून आली? कुठं अकोल्याला, कुठं जालन्याला, कुणाचं कापडाचं, कुणाचं भांड्यांचं, कुणाचं पुस्तकांचं दुकान असेल. मान खाली घालून 'वाढवलं' म्हणाले असतील. त्यांच्याही बायकांनी पेढे वाटले असतील. त्यानं नकळत शैलजाकडं बघितलं. तिच्या चेहऱ्यावरचा राग जाऊन तिथं भीती आली होती.

"नाही नाही, सगळ्यांना लावू नका!" तो घाईनं म्हणाला. "त्यातल्या कुणी खरंच मोठं केलं असेल तर? दोन्ही अर्थ आहेत, बाई. माझ्यापुरतं बदला. बाकीच्यांना एकेकाला विचारा. त्यांचं ते सांगतील. सांगायचं का नाही, तेही त्यांचं ते ठरवतील."

"विचारीन. कसं विचारू?"

"असं विचारा, की दुकान वाढवलंत म्हणजे मोठं केलंत, का..." उमाकांत अडला.

"का काय?"

पंखा बंद होता. आप्पांच्या हातातला पेपर हलायचा थांबला होता.

"का बंद केलंत," उमाकांत म्हणाला.

"लिहून घेतलं. तुम्ही काय केलंत, उमाकांतराव?"

"बंद पडलं." आता मात्र त्याचा आवाज खाली गेला नाही. "माझं दुकान बंद पडलं, बाई. आप्पांनी घातलेलं दुकान माझ्या हातात बंद पडलं. गिऱ्हाईक येईना, मी गल्ल्यावर बसून नुसता रस्त्याकडं बघायचो. शाखाबिखा काही नाही. जे होतं तेच गेलं."

डोळ्यांतून पाणी आलं ते त्यानं पुसलंही नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तो हे बोलला होता, आणि तेही एका यंत्रापाशी.

"आभारी आहे," बाई म्हणाली. "या अर्थानं विस्तारप्रमुखाची जागा तुमच्याशी जुळत नाही. कंपनीला तसं कळवलं आहे. नागनाथ गुळवे यांना पाठवलेली माहितीही दुरुस्त केली आहे. दुसरी जुळणारी जागा सध्या माझ्याकडे नाही. आली की फोन करीन."

"बरं," उमाकांत म्हणाला. फोन बंद झाला.

रस्त्यावरून एक बॅटरीची गाडी आवाज न करता निघून गेली. शैलजा भिंतीला टेकून उभी होती, तिला रडावं की ओरडावं ते कळत नव्हतं. उमाकांतला वर बघायचा धीर होत नव्हता. शैलजाकडं नाही आणि आप्पांकडं तर नाहीच. आपल्या बापासमोर आपण काय बोलून बसलो, हे त्याला आत्ता उमजत होतं.

आप्पांनी पेपराची घडी घातली. गुडघ्यांवर हात रोवून ते हळूहळू उठले, दोन पावलं चालत आले आणि लेकाच्या पाठीवर हात ठेवला. तो शाळेत असताना ठेवायचे, त्यानंतर कधी ठेवला नव्हता.

"आलास का दुकानातनं?" दुकान चालू असताना रोज रात्री विचारायचे, तसंच ते म्हणाले.

उमाकांतनं मान वर केली. त्यानं नुसतंच हो म्हणून मान हलवली.

"ऊठ. हातपाय धू," आप्पा म्हणाले, आणि मग आत वळून, "शैलजा, वाढ गं त्याला."